दादाचा डफ घेऊन डोंगरकड्याला

आपल्याच जिल्ह्यात लोकांनी छोटी छोटी संग्रहालयं जपली आहेत, हे मला हिंगोलीत इतकी वर्षं नोकरी करूनही यंदाच कळलं. कळल्यावर राहवेना. एका दिवसात दोन पाहायची ठरवली: वसमतचं जुन्या वस्तूंचं आणि डोंगरकड्याचं वाद्यांचं.

डोंगरकड्याला जायला कारण होतं. माझे थोरले भाऊ, आमचे दादा, गेल्या पावसाळ्यात वारले. तांड्यावर होळीत त्यांचाच डफ पुढं असायचा. आता घरात वाजवणारं कोणी नाही. वहिनी म्हणाल्या, "उंदरांनी कुरतडला तर मला बघवायचं न्हाई, भाऊजी. जपतील तिथं देऊन येऊ."

सकाळीच मोटारसायकल काढली. मागं वहिनी, त्यांच्या मांडीवर चादरीत बांधलेला डफ. औंढ्याला चहा घेतला. तिथून वसमतपर्यंत रस्ता चांगला आहे. शेतात हळद शिजत होती, त्या वासानंच भूक लागली.

वसमतचं संग्रहालय म्हणजे वाचनालयामागची एक खोली. निजामाच्या काळातली नाणी, पितळी मापं, कंदील, दगडी जातं. तिकीट नाही. मी एकेक वस्तू वाकून बघत होतो. वहिनी जात्यापाशी थांबल्या. "असलं तर आपल्या घरी हाय. उद्यापासून आपुन बी पाटी लावू!" किल्ली घेऊन उभे असलेले काकाही हसले. कितीतरी महिन्यांनी मी वहिनींची थट्टा ऐकली.

स्टँडजवळ पिठलं-भाकरी खाऊन आतल्या रस्त्यानं, विचारत विचारत डोंगरकडा गाठलं. या रस्त्याला खड्डे आहेत, वेळ हाताशी ठेवा.

निवृत्त गुरुजींच्या घराच्या दोन खोल्या, आणि काय सांगू! संबळ, हलगी, एकतारी, तुणतुणं, भोंग्याचा ग्रामोफोन. काचेचं कपाट एकही नाही. हात लावा, वाजवा! मी तर शाळेतल्या पोरासारखा या भिंतीवरून त्या भिंतीकडं फिरत होतो.

डफ पुढं केला तर गुरुजी म्हणाले, "आमचा एकच नियम हाय. घरच्या माणसानं आधी वाजवून दाखवायचं. आवाज ऐकल्याबिगर मी वाद्य भिंतीवर घेत न्हाई."

मी थाप मारली. भद्द! पोत्यावर मारल्यासारखा आवाज आला.

गुरुजींनी कातड्यावरून बोटं फिरवली, हुंगली. "तेल लावलं काहून?"

"दर शनिवारी लावते," वहिनी म्हणाल्या. "कोरडं पडून तडकंल म्हणून."

"बाई, तुमी तर त्याला दिवाळीची आंघोळ घातली!"

वहिनी हसल्या नाहीत. "मग गेला का त्यांचा आवाज?"

गुरुजी उठून आत गेले. आतून ज्वारीचं पीठ आणून त्यांनी कातडं चोळलं, तेल टिपलं, पुन्हा चोळलं. मग अंगणात तुराट्या पेटवल्या. संग्रहालयात जाळ! कातडं ताणलं जावं म्हणून मी डफ शेकायला धरला. शेकायचं, बोटानं टिचकी मारायची, ऐकायचं.

"आजून न्हाई," गुरुजी म्हणायचे. वहिनी जाळावरून नजर काढत नव्हत्या.

आणि मग ठण्ण! शेजारच्या घरातून बायका बाहेर आल्या.

चारचौघांत मी कधी वाजवलं नव्हतं. दादांच्या शेजारी बसून फक्त ऐकलं होतं. पण हाताला ठेका ठाऊक होता. दोन आवर्तनं झाली असतील, तोच मागून वहिनींनी डोक्यावर पदर घेऊन आमच्या बोलीत होळीचं गाणं उचललं. मी वळून पाहिलं नाही. ठेका चुकला असता.

गाणं संपल्यावर त्यांनी डफ स्वतः गुरुजींच्या हातात दिला. "ठेवा. पर होळीला आमी न्यायला येऊ."

"खुशाल न्या. खिळ्यावर चिठ्ठी लावून ठेवतो, डफ गावाला गेलाय म्हणून!"

कळमनुरीमार्गे अंधार पडता पडता घरी आलो. डफाचा खिळा रिकामा दिसला, शर्टाला धुराचा वास होता. जाऊन यावं अशीच ही ठिकाणं आहेत. शक्य असेल तर घरातलं बंद पडलेलं एखादं वाद्य सोबत न्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी शेतातून तुराट्यांची एक पेंढी घेऊन आल्या, घट्ट बांधून दाराआड उभी केली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "ही चुलीत घालायची न्हाई, भाऊजी. होळीला डफ शेकायला लागंल."