एकेचाळिसाव्या वर्षी बदकाचं पुस्तक

मंडळी, आज पिंपरीच्या बाजारात एका पुस्तकवाल्याशी भांडून आले आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

सोबत सुनीता होती. ती एकेचाळीस वर्षांची, चाकणच्या एका कंपनीत कामाला आहे आणि माझ्याकडे इंग्रजी शिकते. तिला बढती मिळून लाइन लीडर व्हायचं, तर कामाच्या सूचना इंग्रजीत वाचता आल्या पाहिजेत. तिने बदकाच्या गोष्टीचं चित्रांचं पुस्तक निवडलं.

"मुलगा कितवीला आहे?" दुकानदाराने विचारलं.

"मीच शिकतेय."

तो हसला. "ताई, हे बाळांचं. मोठ्यांचं घ्या, तीस दिवसांत इंग्रजी."

सुनीताने पुस्तक खाली ठेवलं. मग मी तोंड उघडलं. "कॉन्व्हेंटमध्ये मीही बदकापासूनच शिकले. सिस्टरांनी पहिल्या दिवशी डिक्शनरी दिली नव्हती. तुम्ही काय पाळण्यात पेपर वाचत होतात?"

सुनीताने पुस्तक पुन्हा उचललं. "तीस दिवसांचं घरी हाय, दादा. दोन वर्षं झाली, चौथ्याच पानावर हाय."

तो वरमला. खाकी कागद काढून म्हणाला, "कव्हर घालून देतो. कंपनीच्या बसमध्ये कुणी हसणार नाही."

"नको," ती म्हणाली. "दिसू दे बदक."

तुम्ही कुठलं पुस्तक अजून कव्हर घालून वाचताय?