वाजवल्याशिवाय देव चालत नाही

परवा गल्लीत कुणीतरी संबळ शेकत होतं. तापलेल्या चामड्याचा तो वास नाकात शिरला आणि मी थेट संस्थानी जव्हारच्या दसऱ्यात पोचलो.

मोखाड्याच्या बोहाडा उत्सवात मुखवटे घालून नाचणारे देव मी माझ्या कॅमेऱ्याने टिपले होते. ती मूकफिल्म घेऊन, उसना कोट चढवून, खेळाला आश्रय मिळावा म्हणून मी दिवसभर दरबारी पाहुण्यांपुढे वाकत होतो. माझी ओळखीची चिठ्ठी कुणी उघडलीसुद्धा नाही.

संध्याकाळी तंबूत खेळ लावला. पडद्यावर पहिला मुखवटा दिसताच मिरवणुकीला आलेला म्हातारा संबळवाला ओरडला, "थांबवा! वाजवल्याबिगर देव नाय चालत!"

यंत्राची मूठ फिरवणारा माझा हात थांबला. झालं, सगळं बुडालं! पण तो उठून माझ्यापाशी आला, यंत्राच्या तापलेल्या दिव्याशी त्याने संबळ शेकला आणि म्हणाला, "आता फिरवा."

संबळ घुमला, देव नाचू लागले. अख्खा तंबू हात जोडून उभा राहिला, खुर्च्यांवरचे पाहुणेसुद्धा.

नंतर तेच मला शोधत आले. "कुणी केलं हे?"

मी संबळवाल्याचा हात धरून ऐटीत म्हणालो, "आम्ही दोघांनी."

पुढे ओळखी पुष्कळ झाल्या. पण चिठ्ठीशिवाय झालेली ती पहिली.