गुलाबी येईपर्यंत

दिवाळी झाली की आमच्या मुरबाडच्या पाड्यावर मुकादमाचा टेम्पो येई आणि सगळी घरं शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर जात. त्या वर्षी मी सातवीत होते. काळ्या शाईतले रंग वेगळे करायचा प्रयोग पुढच्या आठवड्यात होता. बाईंनी तो माझ्यासाठी निघायच्या सकाळीच घेतला. म्हणाल्या, "निळा पुढे पळतो, गुलाबी मागून येतो. तो दिसला की प्रयोग झाला."

गाळणकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका काढायचा आणि त्याच्या खालचं टोक तेवढं पाण्यात सोडायचं. मी पट्टी अख्खी बुडवली. भट्टीवर विटेचा साचा अख्खाच बुडवतात, नाहीतर चिखल चिकटतो. ठिपका पाण्यात गेला. बाईंनी दुसरी पट्टी कापली.

ती पाण्यात सोडली आणि टेम्पोचा हॉर्न वाजला. बाबा शाळेच्या दारात आले.

"चल गो. भांडी चढली, कोंबड्या चढल्या, तूच रायलीस."

"पाणी चढतंय, बाबा. कागदावर."

"आपलं आपण?" बाबा उकिडवे बसले.

मग मुकादम आला. "इथं काय पंगत बसलीय?" त्यानं वाकून बघितलं. "येवढे रंग घालून काळाच करायचा, तर घालतात कशाला?"

"बसा, सांगते," बाई म्हणाल्या.

"नाय, नको. मलापण सातवीत घालाल."

निळा चढला होता, गुलाबीचा पत्ता नव्हता. बाईंनी पट्टीसकट ग्लास बाबांच्या हातात दिला. ग्लास शाळेचा होता. त्यामुळे वाटेत माझा अर्धा जीव गुलाबीत आणि अर्धा ग्लासात. बाबांनी तो मांडीत धरला. खड्डा आला की ते ग्लासासकट उठत. शहापूरच्या अलीकडे निळ्याखाली गुलाबी फुटला. मी मुकादमाला ओरडून सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

त्यानंतर मी शाळेत गेले नाही. आता सुरतेला कारखान्यात पॅकिंगला आहे. शिक्षण विचारलं की सातवीच्या दिवाळीपर्यंत, असं सांगते.

त्या हंगामात, पावसाच्या आधी भट्टी बंद होऊन पाड्यावर परतल्यावर बाबा ग्लास परत द्यायला गेले. गुलाबी आला हे सांगा, असं मी चारचारदा बजावलं होतं.

"नक्की आला?" बाईंनी विचारलं.

"माझ्या मांडीतच आला की."

बाईंनी ग्लास विसळून कपाटात ठेवला आणि म्हणाल्या, "मग झाला तिचा प्रयोग." हे बाबांनी चपला काढायच्या आधी मला सांगितलं, आणि जेवताना परत.