वीतभर लांबून

तर दम्याचा पंप व्याह्यांनी तोंडापासून चांगला वीतभर लांब धरला आणि फुस्स करून सोडला. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत छोटासा ढग झाला. त्यातला थोडा त्यांच्या स्वतःच्या चष्म्यावर गेला, थोडा माझ्या बाहीवर आला, आणि तोंडात किती गेला ते देवालाच ठाऊक.

"काका, महिनाभर असाच घेताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. एकदाही चुकवला नाही."

"पण इतका लांब का?"

"जवळ धरला की ओघळ येतात," आमचे व्याही म्हणाले, आणि तेही अगदी गंभीर चेहऱ्यानं.

मी खोकल्याचं निमित्त करून हसू गिळलं. तिथं खोकणं शोभतही होतं.

व्याही म्हणजे माझ्या थोरल्या मुलीचे सासरे. फर्निचरच्या कारखान्यात एकतीस वर्षं पॉलिश मिस्त्री. लाकूड घासून गुळगुळीत करायचं आणि त्यावर फवाऱ्याच्या बंदुकीनं पॉलिश मारायचं, हे त्यांचं काम. बंदूक लाकडाच्या फार जवळ नेली की पॉलिशचे ओघळ उतरतात. फार लांब नेली की पॉलिश हवेतच सुकतं आणि खरखरीत बसतं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बरोबर एक वीत. कारखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी हेच शिकवतात. अशा माणसाच्या हातात फवारणारी वस्तू दिलीत, तर हात वीतभर लांब जाणार नाही तर काय होईल? म्हणजे महिनाभर त्यांनी घरातल्या हवेला औषध दिलं. हवा ठणठणीत झाली असेल, व्याही होते तसेच.

पण मी फार पुढं आलो. आधी जिना सांगायला हवा होता.

व्याह्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. तीन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं, की हे गृहस्थ जिना चढताना मध्येच थांबतात आणि कठडा तपासतात. बोटानं टकटक करायची, डोळा बारीक करायचा, "सांधा सुटायला आलाय बघा," म्हणायचं. पहिल्यांदा मला कौतुक वाटलं. मिस्त्री माणूस, नजर जाणारच. पण पुढं पुढं ते प्रत्येक वळणावर थांबायला लागले. मग दोन वळणांच्या मध्ये. त्या कठड्याची इतकी तपासणी जगात कुणी केली नसेल. एके दिवशी मी कान देऊन ऐकलं तर टकटक थांबल्यावरही एक आवाज चालूच. छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

"व्याही, कठडा राहू द्या," मी म्हणालो, "तुमचाच सांधा सुटलाय."

"जरा धूळ गेली," ते म्हणाले. पुढची दोन वर्षं त्यांचं हेच उत्तर. आणि खोटंही नव्हतं ते. धूळ जातच होती, रोज नऊ तास.

त्यांच्या कारखान्यात मी पुष्कळदा गेलोय. लांबलचक खोली, वर पत्रा, एका बाजूला कापायची करवत, मध्ये घासायची यंत्रं, टोकाला व्याह्यांचं टेबल. घासलेल्या लाकडाची धूळ पिठाहून बारीक. ती खाली बसतच नाही, खिडकीतून आलेल्या उन्हात नुसती तरंगत राहते. चहाच्या कपावर बशी उपडी घालूनच चहा टेबलावर ठेवायचा, नाहीतर वर साय आल्यासारखा थर. त्यात पॉलिशचा उग्र वास. तोंडाला लावायची जाळी मालकांनी आणून दिली होती, पण व्याह्यांनी ती खिळ्याला टांगून ठेवली. पॉलिश आतून सुकलं की नाही हे म्हणे त्यांना नाकानं कळतं, जाळी लावली की काहीच कळत नाही.

आणि आजार लपवण्याचं खरं कारण ते टेबल. टेबल जाईल ही भीती. मालक वाईट माणूस नव्हे, पण दमेकऱ्याला धुळीत कोण ठेवणार? खोकला आला की व्याही बाहेरच्या नळावर जायचे आणि नळ सोडून खोकायचे. शेवटी विहीणबाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं पंप मिळाला, आणि पुढचं वीतभर प्रकरण मी सांगितलंच.

तर डॉक्टरीणबाईंनी पंपाला जोडायचं एक पोकळ नळकांडं दिलं. एक तोंड पंपाला, दुसरं ओठांत. "आता लांब धरताच येणार नाही," त्या म्हणाल्या. मग दुसरी एक नळी दिली, फुंकायची. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि आकडा दाखवतो. फुंक जितकी मोकळी तितका आकडा मोठा. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून लिहून ठेवायचं, म्हणजे आजार किती घरचा आणि किती कामावरचा ते कळेल.

व्याह्यांनी वहीबिही काही घेतली नाही. हातभर लांबीची फळी रंधून साफ केली, तिच्यावर रेघा आखल्या आणि कानामागची पेन्सिल काढून रोजचा आकडा रेघेवर टिंब देऊन मांडायला लागले. दोन आठवड्यांनी टिंबं जोडली तर फळीवर करवतीचे दात उभे राहिले. रविवारी सुट्टी, तेव्हा तीनशे सत्तर. सोमवारपासून घसरण, शनिवारी तीनशे दहा. परत रविवारी वर.

विहीणबाईंनी फळी हातात घेऊन बघितली. "म्हणजे यांना रविवार मानवतो," त्या म्हणाल्या. "ते मला लग्नापासून माहीत आहे."

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणि ती फळी घेऊन आम्ही तिघं मालकांकडे गेलो. मालकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. म्हणाले, "धूळ बाहेर टाकायला मोठा पंखा बसवतो भिंतीत. मिस्त्री, जरा दम धरा."

"तोच धरता येत नाहीये, म्हणून तर आलोय," विहीणबाई म्हणाल्या.

मालक हसले, पण पंखा आठवड्यातच आणला. व्याह्यांच्या टेबलामागच्या भिंतीला भोक पाडून बसवलासुद्धा. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे.

आणि आकडा आला दोनशे ऐंशी. मग दोनशे साठ. व्याह्यांना जिन्यात कठडा तपासायचीही ताकद राहिली नाही, पायरीवरच बसले. डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं, आठ दिवस घरी बसवलं. ते परत कामावर गेले त्या दिवशी मी सोबत होतो. मालकांनी त्यांना बाजूला घेतलं.

"मिस्त्री, मला करता येण्यासारखं होतं ते केलं. पंखा बसवून उलट तुमचं जास्तच झालं. म्हणजे आता धुळीचा प्रश्न नाही, तब्येतच थकलीय. फाटकावर खुर्ची टाकलीय. येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवा. पगार तोच."

यात वावगं काहीच नव्हतं. दुसरा असता तर पाया पडला असता. व्याही जाऊन खुर्चीवर बसले. एकतीस वर्षं उभं राहून काम केलेला माणूस. हात मांडीवर ठेवावेत की बाजूला सोडावेत हेच त्यांना कळेना. तासाभरानं मला म्हणाले, "व्याही, पंखा आल्यावर आकडा खाली गेला. पंखा काहीच करत नसता तर आकडा होता तिथंच राहिला असता. खाली का गेला?"

चौथीपर्यंत शाळा झालेला मी, मला काय विचारता?

ते उठले. मालकांना म्हणाले, "पाच मिनिटं आत जातो." जाळी खिळ्यावरून काढून पहिल्यांदा तोंडाला बांधली. रंध्यातून निघालेली लाकडाची पातळ कुरळी साल उचलली, दोऱ्याला बांधली आणि पंख्यासमोर लोंबत धरली. पंखा धूळ बाहेर टाकत असेल, तर साल पंख्याकडे ओढली जायला हवी. साल सरळ व्याह्यांच्या छातीवर येऊन आपटली.

पंखा उलटा होता. बाहेरची हवा आत ओढत होता. आणि भिंतीच्या बाहेर, नेमकी त्याच जागी, यंत्रांच्या भुशाची पोती रिकामी करतात. म्हणजे टाकलेली धूळ रोज परत, थेट व्याह्यांच्या टेबलावर.

मालक तापले. "कुठाय तो वायरमन? बोलवा त्याला. त्याला साधं इतकं..."

"त्याला बोलू नका," व्याही म्हणाले. जाळी खाली ओढली, कारण आतून बोललेलं कुणाला कळत नव्हतं. "मीच सांगितलं होतं त्याला. म्हटलं, वारा माझ्या टेबलाकडे येईल असा बसव, पॉलिश लवकर सुकतं. वाऱ्याबरोबर धूळही येईल हे सुचलंच नाही."

कुणीतरी यंत्रं बंद केली. मी मनात म्हटलं, संपलं. आता मालक म्हणणार, ज्याला वारा कुठून कुठं जातो ते कळत नाही, त्यानं फाटकावरच बसावं.

मालकांनी फळी मागवली. एकेका टिंबावरून बोट फिरवलं. "पॉलिश सुकलं का लवकर?" त्यांनी विचारलं.

"सुकलं," व्याही म्हणाले. "पण वर धूळ चिकटली. चार कपाटं परत घासावी लागली."

तेव्हा कुणीतरी फुस्सकन हसलं, आणि मग सगळेच.

पंखा त्याच दुपारी फिरवला. पोती रिकामी करायची जागा आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेली. टेबलं हवेच्या नळीनं फुंकून साफ करायची बंद झाली, आता ओल्या फडक्यानं पुसतात. घासायचं काम व्याह्यांकडून काढून घेतलं, पॉलिश तेवढं ठेवलं, तेही पंख्याजवळ आणि जाळी लावून. महिन्याची मुदत. आकडा वर आला नाही, तर फाटक. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आजार पुरता जायचा नाही, पंप कायमचा, आणि आकडा पडला तर काम सोडायचं म्हणजे सोडायचं. पॉलिश सुकलं की नाही ते व्याही आता नाकाऐवजी नखानं बघतात. बोट कडेला अलगद टेकवायचं. वास नीट येत नाही याची कुरकुर अजून करतातच.

महिना भरला तेव्हा फळीवर शनिवारचा आकडा होता तीनशे पन्नास. करवतीचे दात पार बोथट झाले होते. मालक टेबलापाशी आले, फळी बघितली, मान हलवली.

"ठीक आहे मिस्त्री. तरी फाटकावरची ती खुर्ची तुमच्यासाठी ठेवून देऊ का? कधी लागली तर?"

व्याह्यांनी जाळी खाली केली, एक श्वास पुरता आत घेतला, पुरता बाहेर सोडला, आणि म्हणाले, "खुर्ची आत पाठवून द्या मालक. मागचा डावा पाय डुगडुगतोय तिचा, त्या दिवशी तासभर बसलो ना, तेव्हाच कळलं. संध्याकाळपर्यंत करून देतो."