फक्कीतलं घर

कागदावरच्या घरावर काडीचाही विश्वास नसलेला बिल्डर अख्ख्या नवी मुंबईत एकच असेल, आणि आर्किटेक्ट म्हणून माझ्या नशिबी नेमका तोच आला. उलव्याचे आमचे शेठ. बापजाद्यांच्या भातखाचरांवर आता टॉवर उभे करतात. मी प्रेमाने नकाशा पुढे केला की ते तो उलटा धरतात, सुलटा धरतात आणि म्हणतात, "साहेब, भुईवर दाखवा." मग मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने अख्खा फ्लॅट खऱ्या मापात आखायचा आणि शेठ त्यात संसार करणार. नसलेल्या दाराबाहेर चपला काढतात, नसलेल्या हॉलमध्ये खाट टाकून लवंडतात. एकदा मी चुकून बेडरूमच्या भिंतीतून चालत गेलो, तर केवढे रागावले. "दारातनं या. बाईमानूस आसतं घरात."

या संसारातून उठताना ते माझं काहीतरी कापूनच उठतात. पॅसेज दिसला की, "हा कोनाला इकाचा?" लॉबीचं दुमजली छत गेलं, इटालियन मार्बल गेला. दर्शनी भागाला काच लावू म्हटलं, तर मला सीवूड्सला नेऊन एका चकचकीत टॉवरखाली उभं केलं आणि काचा पुसायला दोरीवर लटकलेला माणूस दाखवला. "याचा पगार जलमभर कोन देनार?" सौंदर्यदृष्टी देवाने या माणसाला दिलीच नाही, असं मी घरी रोज बायकोला ऐकवायचो.

मागच्या टॉवरला मात्र शेठनी फक्कीच्या घरात आपल्या म्हाताऱ्या आईला आणलं. गावातलं घर त्या टॉवरसाठीच पाडायचं होतं आणि म्हातारी हलायला तयार नव्हती. सगळ्या खोल्या फिरून ती म्हणाली, "बरा हाय. आनि मी बसाची कुठं?" येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायला तिला दारापुढचा ओटा हवा होता. दुसऱ्या दिवशी शेठचा हुकूम आला की प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर मोकळी जागा आणि ऐसपैस ओटा काढा. मजल्यामागे एक विकाऊ खोली गेली. विक्री बघणारा सल्लागार रडकुंडीला आला.

म्हातारी सातव्या मजल्यावर राहायला आली आणि ओट्यावर बसली. लोक लिफ्टमधून उतरायचे, मोबाइलमध्ये बघत घरात शिरायचे, दार लावून घ्यायचे. इतर मजल्यांवरच्या ओट्यांवर चपलांचे स्टँड आले.

मग शेठनी टॉवरखालचं आपलं एसी ऑफिस भाड्याने देऊन टाकलं. "जागा कशाला फुकट आडवाची?" तेव्हापासून सिमेंटवाला, दलाल, इंजिनीअर, सगळ्यांची हजेरी सातव्या मजल्यावरच्या ओट्यावर. आधी म्हातारीला आपलं गाव, पोरंबाळं सांगायची, मग शेठ कामाचं बोलणार.

परवा नव्या टॉवरची फक्की टाकली. ओटा मी आपणहून वगळला होता. म्हटलं, शेवटी हिशेबी माणूस, खूश होईल. शेठ नसलेल्या लिफ्टमधून बाहेर आले आणि थबकले.

"ओटा?"

"शेठ, कोणी बसत नाही हो त्यावर."

ते त्या रिकाम्या जागेत जाऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हातारा झाल्यावर मी बसाचा कुठं?"

मी फक्कीचं घमेलं उचललं आणि ओटा आखला. शेठ त्यात मांडी घालून बसले, जरा सरकले आणि शेजारची भुई हाताने साफ करून म्हणाले, "बसा, साहेब. मावतंय का बघा."