अक्कांचं मोजणं

टाके मोजताना अक्का कुणाशीही बोलत नसत. विणकामाची सुई डोळ्यांसमोर धरायच्या, डाव्या हाताचं बोट वर करायच्या आणि कानडीत सुरू व्हायच्या, "वंदू, येरडू, मूरू..." एरवी त्यांची मराठी आमच्यासारखीच होती, पण उदगीरकडच्या माहेरी त्या आकडे कानडीत शिकल्या होत्या आणि ते शेवटपर्यंत माहेरचेच राहिले. बोट वर असलं की दारातल्या दूधवाल्यालाही थांबावं लागे. "दूध नासायला येळ लागतो, टाक्याला न्हाई," त्या म्हणत.

त्यांना जुमानत नसत ते फक्त अण्णा, त्यांचे यजमान. लातूरच्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान होतं आणि मधल्या दारात अक्कांची खुर्ची. अक्कांची मोजणी विसाच्या आसपास आली की कपाळावर विभूती लावलेले अण्णा, मान वर न करता, साखर तोलत मोठ्यानं म्हणत, "सत्तावीस!"

झालं. अक्कांचा आकडा हरवायचा.

"तोंडाला कुलूप लावा की ओ!"

"मी साखर तोलायलोय."

"सत्तावीस किलो साखर कोण न्यायलंय? लग्न हाय का कुणाचं?"

मग पुन्हा वंदूपासून.

लोह्याजवळच्या आमच्या खेड्यातून मी बी.एस्सी.ला लातूरला आले, तेव्हा मला त्यांची मागची खोली भाड्यानं मिळाली. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. आमच्याकडे थंडी म्हणजे गोधडी आणि शेकोटी. लोकरीच्या सुया मी अक्कांच्या हातातच पहिल्यांदा पाहिल्या. अण्णांचं म्हणणं ठरलेलं असे, "लातुरात स्वेटर! दोन महिन्यांची थंडी अन् बारा महिन्यांचं विणणं!" ते खोटंही नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक बाळाला अक्कांचं टोपरं मिळे आणि बाळाची आई कोपऱ्यावर वळली की ते काढून पिशवीत टाके. अक्कांना हे माहीत होतं. "घालून फोटो काढला न्हवं? बास," म्हणून त्या पुढचं टोपरं घेत.

प्रॅक्टिकलहून आल्यावर त्यांनी मला विणायला शिकवलं. माझा पहिला मफलर एका टोकाला पायपुसण्याएवढा रुंद आणि मध्येच दोरीसारखा झाला. मी उसवायला निघाले तर त्यांनी तो हातात घेतला, दोन्हीकडून ताणला आणि आवळलेल्या जागी बोट ठेवलं. "इथं तुझी परीक्षा चालू व्हती न्हवं?" होती. "हाताला मनातलं कळतंय बाई. तोंड लपवतंय, हात न्हाई लपवत."

पुढे उत्तरेकडच्या एका डोंगरी गावात मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. माझे वडील इतक्या लांबच्या नावानं धास्तावले. आनंद झाला तो अक्कांना. इतक्या वर्षांनी त्यांच्या ओळखीचं कुणीतरी खऱ्या थंडीत निघालं होतं.

"आता बोला," त्या अण्णांना म्हणाल्या. "तिथं बर्फ पडतोय!"

"मग मलाबी एक विण. दुकानात फ्रीज हाय."

भर जूनमध्ये आम्ही गंजगोलाईच्या बाजारात लोकर शोधत फिरलो. "दसऱ्याला या," असं सगळे सांगत. शेवटी एका दुकानदारानं माळ्यावरून जुना हिरवा साठा काढून दिला. अक्का झपाटल्यासारख्या बसल्या. पाठ झाली, पुढचा भाग गळ्यापर्यंत आला, आणि त्यांना अगदी खाली, कमरेपाशी, एक टाका सुलटऐवजी उलट पडलेला दिसला.

"अक्का, कुणाला दिसणारंय?"

"मला दिसलंय न्हवं."

सगळं उसवलं. मला रडायला आलं. निघायच्या दिवशी स्वेटरला एकच बाही होती. स्टेशनवर अक्का म्हणाल्या, "तवर डावा हात खिशात ठेव. बाही धाडते."

मी फोन करायची. व्हिडिओ लावा म्हटलं की त्या म्हणत, "क्यामेरा बिघडलाय." अण्णा? "आराम करायलेत." एकदा म्हणाल्या, "आता माझं मोजणं चुकतच न्हाई बघ." मी हसले होते.

गणपतीनंतर बाही आली. मनगटाशी त्यांची नेहमीची मऊ वीण होती. त्याच्या वर मात्र टाके इतके आवळलेले की बाही फळीसारखी ताठ झाली होती. आणि कुठेही एक चूक नव्हती. मी ती हातात घेऊन बसले आणि मग फोन लावला.

"अक्का, अण्णांना काय झालंय?"

 त्यांनी उलट विचारलं, "बाही घट्ट आली व्हय?"

अण्णांना अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती. माझा अभ्यास बिघडू नये म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. "उसवून टाक ती," त्या म्हणाल्या. "सैल विणून घे. तुला येतंय आता." मी उसवली नाही. तशीच जोडली.

दिवाळीला लातूरला गेले ती भर दुपारी तो स्वेटर घालूनच. अक्कांनी डाव्या बाहीवरून हात फिरवला आणि त्या पाणी आणायला आत गेल्या. दुकान पुतण्या बघत होता. अण्णांची कॉट मधल्या दारासमोर होती, अक्कांची खुर्ची दिसेल अशी. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळे मिटले, उघडले. अक्का त्यांच्यासाठी कानटोपी विणत होत्या. त्यांचं बोट वर गेलं. मी पाण्याचा पेला आवाज न करता खाली ठेवला. "हदिनारू, हदिनेळू, हदिनेंटू..." सोळा, सतरा, अठरा; मोजणी विसाजवळ आली होती.

कॉटवरून घोगरा आवाज आला. आधी नुसती घरघर होती. मग जीभ ओढत, एकेक अक्षर जोडत, "सत्... ता... वीस."

अक्कांचं बोट तसंच वर राहिलं. त्यांनी अण्णांकडे पाहिलंच नाही. पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "चुकलं की ओ माझं."

त्यांनी सगळे टाके पुन्हा पहिल्यापासून धरले. "वंदू," त्या म्हणाल्या, नेहमीपेक्षा मोठ्यानं. मग थांबल्या. "येरडू." पुन्हा थांबल्या. प्रत्येक आकड्यानंतर थोडी जागा सोडत, कान कॉटकडे लावून, त्या मोजत राहिल्या.