ताईला अडवणारा संघ

लग्नाच्या पंगतीत जिलबीकडे न बघता वाढप्यांच्या हातांची लांबी बघणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आमच्या नशिबी आला आहे. हे माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत त्यांनी नोकरी केली ती पोटासाठी. खरा उद्योग डोंबिवलीच्या एका मैदानावर मुलींना बास्केटबॉल शिकवण्याचा. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, बास्केट करणारी आणि अडवणारी. करणाऱ्यांचं कौतुक सगळं जग करतं, म्हणून ह्यांनी अडवणाऱ्यांचा कैवार घेतला. माझ्या लग्नात बायको नमस्काराला वाकली तेव्हा सगळे ‘अखंड सौभाग्यवती भव’ म्हणत होते, आणि हे म्हणाले, “पाठ नाही, गुडघे वाकव.” ती बिचारी अजून मला विचारते, माझं काय चुकलं होतं.

अशा माणसाच्या पोटी बास्केट करणारी जन्मावी, ह्याला दैव म्हणायचं. आमची ताई चालायला लागली तेव्हाच त्यांनी बिल्डिंगच्या गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या भिंतीला रिंग ठोकली. गच्ची लहान. रिंगेच्या डावीकडे पाण्याची भलीमोठी टाकी, त्यामुळे चेंडू घेऊन जायचं तर उजवीकडूनच. ताईचं सगळं बालपण त्या टाकीला वळसा घालण्यात गेलं. “गच्चीवर कुरडया घालायच्या तर आधी ह्या दोघांची परवानगी,” असं आत्या येईल त्याला सांगायची, आणि तक्रारीपेक्षा त्यात मिरवणंच जास्त असायचं.

ती आत्या गेली, आणि ज्या रीतीने गेली ती मला अजून नीट सांगता येत नाही. कल्याणच्या इस्पितळात ती शेवटच्या घटका मोजत होती आणि ताई परगावी अंतिम सामना खेळायला गेली होती. सकाळी ताईचा फोन आला. आतोबा म्हणाले, “आई बरी आहे, तू खेळ.” दुपारी आत्या गेली. ताई रात्री गळ्यात पदक घालून हसत घरात शिरली. तेराव्यापर्यंत ती वडिलांशी एक अक्षर बोलली नाही, मग एक बॅग भरून मामाकडे, म्हणजे आमच्या नौपाड्याच्या घरी राहायला आली. एकदाच माझ्यापाशी म्हणाली, “आई सकाळी बोलत होती ना? मग तिच्या कानाला फोन का नाही लावला त्यांनी?” आतोबांवर माझा जीव आहे, पण ह्या बाबतीत त्यांची बाजू मी आजही घेत नाही.

ताई पुढे ठाण्याच्या एका क्लबाकडून खेळू लागली आणि बघता बघता अशी झाली की जिल्ह्यात तिला अडवणारं कोणी उरलं नाही. तेव्हा आतोबांनी ठरवलं, आपण संघ बांधायचा तो फक्त हिच्यासाठी. जिंकायचा नाही, अडवायचा संघ. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला सूड उगवायचाय. मला माहीत होतं, तिच्यासमोर उभं राहायचा दुसरा रस्ता त्यांना उरला नव्हता.

खेळाडू त्यांनी जमवले तेही जगावेगळे. ताईला पळवून पळवून दमवायला खडवलीची एक काटकुळी धावपटू आणली, जिला बास्केट कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. रिंगेखाली हात वर करून उभी राहायला विठ्ठलवाडीची एक ताडमाड मुलगी. ती चेंडू आला की डोळे मिटायची. “मिटू दे, हात वर आहेत ना?” आतोबा म्हणायचे. आणि ताईच्या अंगावर थेट सोडायला भोपर गावातली कबड्डी खेळणारी पोरगी. ती पहिल्याच दिवशी समोरचीच्या घोट्याला झोंबली. पाच फाउल झाले की बाहेर, हे ऐकल्यावर ती हबकलीच. “सर, धरायची नाय तं अडवायची कशी?”

“तिच्या उजवीकडे उभी राहा,” आतोबा म्हणाले. “ती डावीकडून जात नाही.”

सरावात ताई कोणी व्हायचं? तर आतोबांनीच. साठी उलटलेला हा गृहस्थ चेंडू आपटत यायचा, मध्येच थांबायचा, तुळतुळीत टकलावरची नसलेली बट कानामागे सारायचा आणि उजवीकडून मुसंडी मारायचा. मुली हसून लोळायच्या. मी बघायला जायचो, पण मला हसू येत नसे. ती ताईची सवय होती, हुबेहूब.

मी रविवारी गेलो की माझी उलटतपासणी. ती जेवते का नीट? गुडघा दुखतो का? झोप लागते का? रडते का कधी? “प्रतिस्पर्ध्याची माहिती लागते,” असं वर गंभीरपणे सांगायचे. ताई मात्र त्यांच्याबद्दल मला कधीच काही विचारत नसे.

सामना ठाण्यात झाला. भोपरची पोरगी ताईच्या उजवीकडे भिंतीसारखी उभी राहिली. आतोबा बाकावरून उठून हात चोळत होते. ताई आली, क्षणभर थांबली, बट मागे सारली, आणि डावीकडून निघून गेली. पुन्हा आली, पुन्हा डावीकडून. “सर, ती हिकडनं जाते, आता काय करू?” पोरगी ओरडत राहिली. आतोबा माझा दंड धरून हळूच म्हणाले, “डावी बाजू कधी केली रे हिने? कोणी शिकवली?”

आम्ही सपाटून हरलो. ताईने रांगेने सगळ्या मुलींशी हात मिळवला, भोपरच्या पोरीच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली, आणि आतोबांच्या अलीकडेच वळून पाणी भरायला निघून गेली. त्यांचा हात पुढे झालेला होता. तो त्यांनी खिशात घातला.

परतीच्या व्हॅनमध्ये आतोबांना सोबत म्हणून मीही बसलो. शीळफाटा मागे पडल्यावर आतोबा पुढच्या सीटवरून वळले.

“काय म्हणाली गं ती तुला?”

“म्हनली, लई दमलीस, आधी पानी पी.”

“खांद्यावर हात ठेवला होता ना?”

“हो सर.”

“आवाज कसा वाटला?”

“बसला होता. वरडून वरडून.”

आतोबांनी मान हलवली आणि ते समोर बघत बसले. डोंबिवली जवळ आली तसे ते पुन्हा वळले, आणि मघाशी काय म्हणाली होती, असं त्यांनी नव्याने विचारलं. पोरगी जराही कंटाळली नाही. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि ह्या वेळी थोडं वाढवून सांगितलं.